टेलचं पाणी

इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, एक गाव आहे. नाव सांगत नाही. टेलची गावं पुष्कळ आहेत आणि त्यांची तऱ्हा एकच. आवर्तनाची तारीख सगळ्यांना पाठ असते, चारीत बाभळीचा पाला साचलेला असतो आणि पारावरची माणसं वरच्या अंगाला बघत बसलेली असतात. ज्याला वाटेल त्याने हे गाव आपलं समजावं.

या गावात एक पोरगी होती आणि तिचे आबा होते. पोरगी बारामतीला डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. लोक अजून डी.एड.च म्हणतात. एके काळी या कोर्सला जागा मिळायला वशिला लागायचा. आता जागा आहेत, पोरं नाहीत, आणि कित्येक अध्यापक विद्यालयांना कुलपं लागली. तरी ही पोरगी हट्टाने गेली होती. आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. हयातभर चाऱ्यांच्या दारांच्या चाव्या कमरेला लावून सायकलवर फिरले, आणि निवृत्त झाल्यावर टेलच्याच दोन एकरांत शेती करू लागले. ज्यांना जन्मभर पाणी वाटलं, त्यांच्याच रांगेत सगळ्यांत शेवटी जाऊन उभे राहिले म्हणायचं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला विद्यालयातल्या मॅडमनी सगळ्यांना एक निबंध घातला: ‘माझे शिक्षणविषयक विचार’. उद्याचे शिक्षक म्हणून तुम्ही काय मानता, ते लिहून आणा.

पोरीने रात्री जागून फुलस्केप भरून काढले. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तिथून सुरुवात. मग १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी दिलेलं निवेदन: वरच्या वर्गाला शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपत जाईल हा सरकारचा समज खोटा आहे, रयतेच्या घामाचा पैसा रयतेच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च करा आणि निदान बारा वर्षं वयापर्यंत ते सक्तीचं करा. मग शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात केलेलं सक्तीचं आणि मोफत शिक्षण. कर्मवीरांची कमवा आणि शिका योजना. गांधीजींची नई तालीम. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला चालवलेलं काम. मूल शाळेत येत नाही तर शाळाच मुलाच्या अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. शेवटी ज्ञानरचनावाद, बालककेंद्री शिक्षण, आणि मूल म्हणजे मातीचा गोळा नव्हे हे वाक्य. हे वाक्य प्रत्येकाच्या निबंधात असतं.

निबंध चांगलाच होता. मॅडमनी लाल शाईने ‘अतिउत्तम’ लिहिलं. ‘अति’ क्वचितच मिळायचं.

संध्याकाळी तिने तो आबांना वाचून दाखवला. आबा जुन्या सातवीपर्यंत शिकलेले. तंबाखू मळत त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“झ्याक लिवलंयस. पण ह्यात टेल कुठं हाय?”

“आबा, हे शिक्षणाचं आहे. पाटाचं नाही.”

“बरं,” आबा म्हणाले आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली.

पुढे तिची आंतरवासिता सुरू झाली. शाळा मिळाली ती भवानीनगरच्या अलीकडची, जिल्हा परिषदेची. कारखान्याचा भोंगा वर्गात ऐकू येतो इतकी जवळ. वर्ग चौथीचा. वर्गाच्या बाई जुन्या, अनुभवी. बोलायला फटकळ, पण पोरांच्या डब्यात भाजी आहे का नाही हे बघणाऱ्या.

पोरगी तयारीने जायची. पाठाचं टाचण तीन रंगांत. पुठ्ठ्याची चक्रं, चिंचोक्यांच्या पिशव्या, आइस्क्रीमच्या काड्यांचे दशकाचे गठ्ठे. तिने प्रश्न विचारला की पुढच्या दोन रांगांतून हात वर यायचे. मी मी बाई, मी मी बाई! पुढे बसणारी पोरं कोणाची, तर कारखान्यात नोकरीला असलेल्यांची, बागायतदारांची, शिकवणीला जाणाऱ्यांची. उत्तर बरोबर यायचं, ती “शाब्बास” म्हणायची, टाळ्या व्हायच्या, गाडी पुढे. मॅडम निरीक्षणाला आल्या तेव्हा मागच्या भिंतीला खुर्ची टाकून बसल्या आणि वहीत लिहून गेल्या: वर्ग प्रतिसादक्षम, विषयप्रवेश प्रभावी.

मागच्या रांगांत काय चाललं होतं ते मॅडमच्या खुर्चीवरून दिसत होतं खरं तर. पण निरीक्षण शिकवणाऱ्याचं असतं. मागच्यांचं निरीक्षण करायला कागदावर रकाना नसतो.

दिवाळी झाली. कारखान्याचा बॉयलर आधीच पेटला होता. बीडकडच्या, पाथर्डीकडच्या टोळ्या आल्या, उसाच्या फडांकडेला कोप्या पडल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर घेऊन आलेली माणसं. पूर्वी कारखान्याच्या तळावर साखरशाळा भरायच्या. शिक्षण हक्क कायदा आला आणि या मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेतच घ्यायचं ठरलं. तो कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. जोतीरावांनी मागितलं होतं १८८२ मध्ये. मधली १२८ वर्षं कोणत्या चारीत मुरली, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

तर टोळीची सहा-सात पोरं चौथीच्या वर्गात आली. दाराजवळ, चपला काढतात तिथे, एक तरट टाकलेलं होतं, त्यावर बसली. त्यांत एक पोरगी होती, दहा-अकरा वर्षांची. कडेवर धाकटा भाऊ. तळहात उसाच्या पाचटाने चिरलेले, चिरांत काळं बसलेलं. भाऊ रडला की उठून बाहेर जायची, गप्प झाला की येऊन बसायची. काही विचारायची नाही, तिला कोणी काही विचारायचं नाही.

“तुझे पाठ संपू देत,” बाई म्हणाल्या, “मग ह्यांचं बघू. चार महिन्यांचे पाहुणे. मार्चात जातील.”

त्यात दुष्टपणा नव्हता. सहावी-सातवीचे वर्ग, पोषण आहाराचा हिशोब, रोजची ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं, या सगळ्यांतून बाईंच्या हाती जो वेळ उरायचा त्यात अभ्यासक्रम पुरा करायचा होता. पाहुण्यांसाठी थांबायला सवड नव्हती.

एका रविवारी पोरगी घरी होती. रब्बीचं आवर्तन सुटून आठवडा झाला होता आणि टेलची चारी कोरडीच. आबांचा गहू माना टाकत होता. आबा बांधावर उभे, पोरगी शेजारी.

“येईल का हो आबा?”

“वरच्यांचं भिजल्यावर येईल. वरच्यांचं कधी भिजून होतंय, सांग?”

मग आबांनी तिला एक जुनी गोष्ट सांगितली. ही गोष्ट त्यांनी पूर्वीही सांगितली होती, पण पोरगी तेव्हा लहान होती आणि पाण्याच्या गोष्टीत तिला रस नव्हता.

हा कालवा खोदला इंग्रजांनी, १८७६ च्या मोठ्या दुष्काळानंतर. कोरडवाहू मुलखाला आधार म्हणून. पण पाणी आलं तशी वरच्या अंगाच्या लोकांनी ऊस धरला, आणि ऊस म्हणजे बारमाही तहान. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्या काळी मुंबई इलाख्यात अभियंता होते. त्यांनी ब्लॉकची पद्धत बसवली, ती याच नीरा कालव्यावर. थोड्यांच्याच रानात सारं पाणी जाऊ नये, जास्त गावांना मिळावं, ही त्यातली मूळ बुद्धी. पाटबंधाऱ्याच्या बंगल्यात त्यांचा फोटो असायचा. पंधरा सप्टेंबरला आबा त्याला हार घालायचे.

“पण फोटोला हार घालून पाणी टेलला येत न्हाई,” आबा म्हणाले. “माझ्या नोकरीत एक साहेब आले. तरणे होते. त्यांनी पहिल्याच आवर्तनाला सगळ्या पाटकऱ्यांना गोळा केलं आन् म्हणाले, आजपासनं टेल टू हेड. वरची सगळी दारं बंद, कुलपं घाला. पहिलं पाणी शेवटच्या चारीला. ती भिजली की तिच्या वरची उघडा. मग तिच्या वरची. असं वर वर या.”

“आणि वरचे गप्प बसले?”

“कशाला बसतात! मला फावडं घेऊन मारायला धावले दोनदा. आमच्या दारावरनं पाणी चाललंय आन् आम्ही कोरडे? साहेब त्यांना एवढंच म्हणायचे: अरे, तुमच्या दारावरनंच चाललंय ना? मग तुमचं कसं राहील? ते कुठं पळून जातंय? आन् पोरी, खरंच न्हाई राहिलं कुणाचं. वरनं खाली वाटत आलं की टेल हमखास राहतं. खालनं वर वाटत गेलं की कुणीच राहत न्हाई. आता तू शिकली-सवरलेली हायस, पण ह्यात शिकण्यासारखं काय हाय मला सांग. येवढी साधी गोष्ट.”

पोरगी थोडा वेळ चारीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “इंग्रजांचं शिक्षणात असंच म्हणणं होतं आबा. वरच्यांना शिकवा, खाली झिरपेल. फुल्यांनी त्याला विरोध केला. मी निबंधात लिहिलंय.”

“झिरपून?” आबांना हसू आलं. “झिरपलेलं पाणी टेलला येत नसतं गं. ते शेजारच्याच रानात मुरतं, आन् ते रानबी चोपण करून टाकतं. वरच्या अंगाच्या जमिनी बघितल्यास ना, पांढऱ्या फटक पडलेल्या? त्या पाणी न मिळून न्हाई गेल्या. लई मिळून गेल्या.” हे मात्र आबांच्या पदरचं नव्हे. नीरा कालव्यावरच्या पाणथळ आणि खारवट जमिनींचा अभ्यास शंभर वर्षांपूर्वीपासून होत आलेला आहे.

आबांनी चप्पल झटकली. “मग तू वर्गात उभी राहतीस तवा पहिलं दार कुणाचं उघडतीस?”

तिने उत्तर दिलं नाही. वर्गातल्या दोन रांगांचे हात तिच्या डोळ्यांपुढे आले असावेत.

सोमवारी ती ठरवूनच वर्गात शिरली. वजाबाकी चालली होती, चार अंकी, हातच्याची. फळ्यावर गणित मांडलं आणि पुढचे हात वर यायच्या आत थेट तरटाकडे बोट केलं. “तू. ऊठ. तू सांग.”

कडेवरच्या भावासकट पोरगी उभी राहिली. अख्खा वर्ग वळून बघायला लागला. ती खाली मान घालून उभी. एक मिनिट, दोन मिनिटं. पुढून कोणीतरी फिसकन हसलं. भाऊ रडायला लागला, ती बाहेर गेली ती परत आली नाही. मंगळवारी तरटावरची जागा रिकामी. बुधवारीही.

“आबा, तुमचं टेल टू हेड फसलं,” ती घरी येऊन म्हणाली.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. “वाळलेल्या सरीत एकदम लोंढा सोडलास व्हय? फुटंल न्हाई तर काय! दारं धरणारा माणूस आधी रान बघून येतो. उतार कुठं, ढेकूळ कुठं, उंदराचं बीळ कुठं. मग बोटभर धार.”

आता अनुताई वाघांची कुरणशाळा तिने निबंधात सुवाच्य अक्षरात लिहिली होती. शाळा मुलाकडे जाते, हेही लिहिलं होतं. पण तरटावरच्या त्या पोरीची कोपी शाळेपासून हाकेच्या अंतरावर होती आणि तिथे ती एकदाही गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेली.

फडाकडेला पंधरा-वीस कोप्या. बांबूच्या तट्ट्या, वर प्लॅस्टिकचा कागद. टायरगाड्या सोडलेल्या, बैल वाढं चघळत उभे. ती पोरगी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. आई-बाप पहाटे तीनला फडात गेलेले, अजून मोळ्या वाहात होते. रस्त्याकडेला वाढ्यांच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या. म्हशीवाले येऊन न्यायचे, त्याचे सुटे पैसे पोरीच्या कनवटीला.

आबांच्या पोरीला, म्हणजे वर्गातल्या छोट्या बाईंना, बघून ती दचकली. छोट्या बाईंनी वजाबाकीचं नावही काढलं नाही. चुलीजवळ बसल्या, भावाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, “मला एक पेंढी घ्यायचीय. आमच्या आबांच्या गाईला. कशी दिली?”

पोरगी हसली. तिथून बोलणं सुरू झालं.

गावाकडे ती चौथीतच होती. तिच्याकडे शिक्षण हमी कार्डही होतं, गावच्या गुरुजींनी दिलेलं, म्हणजे जिथे जाशील तिथल्या शाळेने तुला त्याच वर्गात घ्यावं. कार्ड पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीत, पिशवीत गुंडाळून. शाळेत का दाखवलं नाहीस, तर कोणी मागितलं नाही.

त्याच पेटीतून तिने दोऱ्यात ओवलेला कागदांचा एक जुडगा काढला. कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या. “मपल्या बापाला वाचता येत न्हाई. काट्यावरून आला की पावती माझ्याकडं देतो. मी वहीवर मांडते. मुकादमानं खेप कमी धरली की बाप वही दाखवतो.”

वही म्हणजे जुन्या दिनदर्शिकेची पाठकोरी पानं. ओळीने आकडे. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, खाली उसाचं वजन. ३६४० वजा ९१० बरोबर २७३०. पान भरून वजाबाक्या, हातच्यासकट, आणि एकही चुकलेली नाही. खरं तर निव्वळ वजन पावतीवर छापलेलंच असतं. ती ते ताडून बघत होती.

माझ्या मते या गोष्टीत शिकण्याची जागा ही आहे, आणि इथे घाई करू नये. मागच्या रांगेतल्या प्रत्येक पोराच्या पेटीत असा जुडगा निघेल असं कोणी समजू नये. त्याच टोळीतला एक मुलगा बैलांच्या मागे असायचा. त्याला अक्षर ओळखू येत नव्हतं, आणि छोट्या बाई तीनदा सांगायला गेल्या तरी हंगामभर तो शाळेत आला नाही. त्याचं पुढे काय झालं ते गोष्टीत नाही. या पोरीला वजाबाकी येत होती हा योगायोग समजा. योगायोग नव्हता तो एवढाच, की वर्गात दीड महिना बसून ती येते हे कोणाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरगी वर्गात आली. छोट्या बाईंनी तिला उठवलं नाही. आपणच तरटावर जाऊन बसल्या, आणि वर्गाला म्हणाल्या, “सगळे इकडे वळा. आज फळा नाही.” मध्ये तो जुडगा ठेवला. प्रत्येक गटाला एक पावती. “ही काय आहे, ओळखा.”

पुढच्या रांगेतल्या हुशारांना पाढे तीसपर्यंत पाठ. पण पावती कोणी पाहिलेली नव्हती. ती घरी फाइलला लागते, पोरांच्या हाती कशाला येईल? त्यांनी दोन आकडे बघितले आणि सवयीने बेरीज केली.

“बेरीज कशाची?” तरटावरून आवाज आला. हळू, पण आला. “गाडीचं वजन काढायचं. गाडीचे पैसे देत्यात का?”

वर्ग हसला, पण या वेळी तिच्या बरोबर हसला. मग तिने सांगितलं: गाडी भरून काट्यावर जाते तेव्हा एक वजन, उतरवून परत येते तेव्हा दुसरं. किती मोळ्यांची गाडी होते, मोळी ओली असली की वजन कसं वाढतं, पाचट नीट काढलं नाही तर काट्यावरचा माणूस काय बोलतो. छोट्या बाई मधूनमधून विचारत होत्या, बाकी गप्प.

पावतीवर शेतकऱ्याचंही नाव असतं. एका पावतीपाशी पहिल्या बाकावरचा एक मुलगा थबकला.

“बाई, हे माझ्या पप्पांचं नाव आहे.”

म्हणजे त्याच्या रानातला ऊस तिच्या आईने तोडला होता आणि तिच्या बापाने वाहिला होता. दोघं एका वर्गात दीड महिना बसत होते, एक फळ्याजवळ, एक चपलांजवळ. त्या मुलाने त्या पावतीची वजाबाकी करून बघितली. हातचा घ्यायला विसरला. तिने बोट ठेवलं: “हितं.” त्याने खोडरबर घेतलं.

घरी जाऊन त्याने बापाची फाइल मागितली आणि हंगामातल्या सगळ्या खेपा मांडायला बसला. मधल्या काळात बाप शाळेत तक्रार घेऊन आला होता: नवीन बाई टोळीच्या पोरांतच बसतात, आमच्या पोरांचं नुकसान होतंय. बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला होता. आता तो पुन्हा आला, जरा निवळून. पोरगं हिशोबाला पक्कं व्हायला लागलंय म्हणाला. “पण बाई, इंग्रजीचं काय?” बापांचं समाधान ही वेगळी बोधकथा आहे.

वर्गाच्या बाई हे सगळं बघत होत्या. फटकळ असल्या तरी त्यांची नजर पक्की. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दारातलं तरट उचललं आणि टोळीच्या पोरांना बाकांवर मधे मधे बसवलं. धाकट्या भावाला अंगणवाडीत बसवायची सोय करून दिली. अंगणवाडीच्या ताईंना दोन शब्द ऐकवावे लागले, तेही ऐकवले. आणि रोज नवीन धडा काढताना पहिला प्रश्न कोणाला टाकायचा याचा एक क्रम दोघींनी मिळून ठरवला. ज्याला सगळ्यांत कमी येतं त्याच्यापासून सुरुवात. पण विचारायचं ते त्याला येत असलेलं. त्याला कळेल अशा बोलीत सांगितलं की पुढच्यांनीही ते ऐकलेलंच असतं, आणि बहुतेकदा त्यांनाही ते आधी नुसतं पाठ असतं. पुढची पोरं सुरुवातीला चुळबुळली. हात वर करून करून त्यांचे हात दुखायचे, ते जरा थांबले. मग त्यांना समजावून सांगायचं काम मिळालं, आणि समजावताना आपल्याला काय समजलेलं नाही हे त्यांना कळायला लागलं.

मॅडम शेवटच्या पाठाच्या निरीक्षणाला आल्या. मागच्या भिंतीला खुर्ची टाकायला गेल्या, तर पाठ तिथेच सुरू झालेला. त्यांना पोरांच्या मध्येच बसावं लागलं. वहीत लिहिलं: टाचणातील पायऱ्यांचा क्रम पाळलेला नाही, फलकलेखन नाही. गुण आधीच्यापेक्षा कमी आले. जाताना मात्र मॅडमनी टोळीच्या त्या पोरीकडून वही मागून घेतली आणि दिनदर्शिकेची पानं बराच वेळ उलटत उभ्या राहिल्या. ते गुणपत्रकात येत नाही.

आबांना गुणांचं कळलं तेव्हा ते म्हणाले, “साहेबांचीबी लवकर बदली झाली होती.”

मार्चच्या मध्याला उन्हं तापली, फड संपत आले. एका दुपारी कारखान्याकडून बातमी आली की चार दिवसांत पट्टा पडणार, म्हणजे हंगाम बंद. टोळ्यांची बांधाबांध सुरू झाली. छोट्या बाईंचीही आंतरवासिता संपत होती. पुढे टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवरच्या भरतीची वाट. ती किती वर्षं बघावी लागेल ते कोणालाच सांगता येत नाही.

पोरगी कार्ड घेऊन शाळेत आली. त्यावर उपस्थितीचे दिवस भरून, सही-शिक्का मारून द्यायचा असतो, म्हणजे गावाकडची शाळा परत घेते. बाईंनी दिवस भरले, शिक्का मारला. छोट्या बाईंनी कार्ड मागून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागल्या. चार अंकी वजाबाकी हातच्यासह पक्की येते, पावतीवरून करते. जोडाक्षरं वाचताना अडखळते, पण ट्रॉल्यांच्या मागचं लिहिलेलं सगळं वाचते. तिथून सुरू करावं. भागाकार अजून सुरू केलेला नाही. वाढ्याच्या पेंढ्यांचे पैसे भावंडांत वाटते, त्यावरून लवकर येईल. उभं करून विचारू नये, शेजारी बसून विचारावं.

बाईंनी चष्मा वर करून ते वाचलं. काही बोलल्या नाहीत. कपाटाकडे गेल्या, टोळीच्या बाकीच्या पोरांची कार्डं काढली, ज्यांच्याकडे कार्डच नव्हतं त्यांच्यासाठी वहीची चार पानं फाडली आणि सगळं तिच्यापुढे टेबलावर ठेवलं.

“ह्यांचंही लिही. टोळी शनिवारी निघतीय. आणि अक्षर जरा मोठं काढ, तिकडच्या गुरुजींनाही चष्मा असेल.”